सुवर्णाचा हातगुण

हातगुणाची धोंड सुवर्णानं स्वतःच आपल्या गळ्यात बांधून घेतली, दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोयच नव्हती.

अंबडच्या ज्या लहानशा कारखान्यात ती कामाला होती, तिथं कार्बनच्या नळ्यांची फिल्म बनते. नळ्या इतक्या बारीक की डोळ्यांना दिसतच नाहीत. दिसते ती कागदाहून पातळ काळी पट्टी. नळ्यांचा गुंता असला की पट्टी टरकते आणि वीजही तिच्यातून रडतखडत जाते. सुवर्णा मखमलाबादच्या फूलमळेवाल्यांची लेक. हार ओवायचं केळीचं सोपट, म्हणजे सालीचा दोरा, भिजवून मगच ओढायचं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. तिनं पट्टी स्पिरिटमध्ये भिजवली, ओली असतानाच सावकाश ताणली आणि ताण न सोडता वाळू दिली. नळ्या सरळ होऊन एकमेकींना बिलगल्या. पट्टी दुपटीनं मजबूत झाली, वीजही सुरळीत वाहू लागली.

"कसं जमलं हो?" देवव्रत सरांनी विचारलं. साहेबांपुढं शहाणपण कशाला मिरवायचं, म्हणून ती लाजून म्हणाली, "हातगुण म्हणायचा, सर." झालं!

तीन वर्षं गेली. नोकरी सांभाळून तिनं डिप्लोमा पुरा केला. चाचणी विभागात जागा निघाली, तिनं अर्ज दिला. सर हसले. "तुम्ही गेलात तर पट्टी कोण ताणणार? हातगुण काय बाजारात मिळतो?" कौतुकानंही माणसाला कोंडता येतं, हे तिला तेव्हा कळलं. स्वतःच्या जिभेचा तिला भयंकर राग आला.

मग तिनं सगळी कृती कागदावर उतरवली: किती मिनिटं भिजवायचं, किती ताणायचं, कुठं थांबायचं. "सर, यात हातगुण-बितगुण काही नाही. समाधानला करू द्या. त्याला जमलं तर मला सोडा." सर कबूल झाले.

समाधान पॅकिंगचा, भारी धसमुसळा गडी. कागद वाचत वाचत तो पट्टी ताणत होता आणि सुवर्णा शेजारी हात मागं बांधून उभी होती. तिनं तोंडातून ब्र काढला नाही. मोजणी झाली. आकडे थेट तिच्याच पट्टीच्या तोडीचे!

"ताई, मला जमलं! लय भारी!" समाधान ओरडला. सुवर्णाचे डोळे भरून आले. सुटले बाई एकदाची, असं तिला वाटलं.

सरांनी आकडे दोनदा पाहिले आणि तिच्यापुढं चक्क हात जोडले. "धन्य आहे तुमची! नुसत्या शेजारी उभ्या राहिलात, तर यालासुद्धा जमलं."

दुसऱ्या दिवशी यंत्राशेजारी तिच्यासाठी गादीची खुर्ची आली. आता दिवसभर बसायला मिळणार म्हणून सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं.