बर्फाच्या हॉकीचे हातमोजे

आमच्या बसवनगुडीच्या घरमालकांइतका, दुसऱ्याला लागेल म्हणून घाबरणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. स्वतःला काही लागलं तर ते "आयतु, झालं" म्हणून पुढे चालू लागत, पण समोरचा नुसता ठेचकाळला तरी त्यांच्या तोंडून असं काही "अय्यो!" निघे की ठेचकाळणाऱ्यालाच त्यांची समजूत काढत बसावं लागे. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचं घराणं मराठी, पण पिढ्यान् पिढ्या बंगलोरात राहिलेलं. त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी अशी मुरली होती की कुठलं वाक्य कोणत्या भाषेत संपेल हे त्यांनाही आधी ठाऊक नसे. नोकरीभर त्यांनी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासले होते. माणसं कशावर आपटतात, कशात सापडतात, कशावरून घसरतात हे वाचून वाचून त्यांची खात्रीच पटली होती की जगात कठीण वस्तू फार झाल्या आहेत आणि कोणीतरी त्यांना काहीतरी मऊ लावायला हवं. ते कोणीतरी म्हणजे अर्थात अण्णाच. त्यांच्या घरातल्या टेबलांच्या कोपऱ्यांना कापसाच्या टोप्या होत्या. फाटकाच्या कडीला सायकलच्या ट्यूबचं म्यान होतं. नारळाच्या झाडाखाली तर त्यांनी एकदा जुनी गादी अंथरली होती. ती माणसांसाठी की नारळांसाठी, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "दोघांनाही लागतं की ग अम्मा."

मी पुण्याहून आले ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, संगणकाच्या नोकरीसाठी. घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने बघायला गेले आणि माझ्या उंचीमुळे दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. मी खोल्या बघून, होकार देऊन, सामान घेऊन संध्याकाळी परतले तोवर चौकटीला एक अख्खी उशी बांधलेली होती, तीही फुलाफुलांच्या अभ्र्यासकट. पाहुणे आले की त्या उशीकडे बघत, मग माझ्याकडे बघत आणि काही न बोलता चहा पीत. अण्णांचं हेल्मेट हा तर स्वतंत्र विषय होता. आतून त्याला इतके थर लावले होते की ते चढवल्यावर अण्णांना जगाचा आवाज येणं बंद होई. स्कूटरवर मागे बसून मी "डावीकडे, डावीकडे" म्हणून ओरडत असे आणि अण्णा शांतपणे उजवीकडे वळून, पुढे स्कूटर उभी करून, हेल्मेट काढून विचारत, "स्वल्प काही बोललीस काय?"

अशा माणसाच्या पोटी मुलगी आली ती हॉकी खेळणारी. वैजू तिचं नाव. मी राहायला गेले तेव्हा ती लग्न होऊन कॅनडात जाऊन काही वर्षं झाली होती. तिची आईही मी येण्याआधीच वारली होती. पण वैजूच्या कॉलेजातल्या खेळाचे किस्से अण्णांच्या शेजाऱ्यांकडून मी पुष्कळ ऐकले. मैदानाच्या कडेला अण्णा आयोडीनची बाटली आणि कापसाचा गठ्ठा घेऊन उभे राहत. समोरच्या संघातली पोरगी पडली तरी आत धावत. एकदा म्हणे पंचाच्या पायाला चेंडू लागला, तर खेळ चालू असताना यांनी त्याला खाली बसवून त्याचा बूटच काढला. वैजूने त्या दिवशी घरी येऊन जेवायला नकार दिला होता. तरी तिला त्यांनी कधी "खेळू नकोस" म्हटलं नाही. हे मला फार विशेष वाटे. जीव मुठीत धरून ते बघत, पण बघायला जात.

दर रविवारी सकाळी वैजूचा फोन येई. अण्णा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनजवळ बसत, जणू तिकडून ती बघणार होती. बोलणं ठरलेलं असे. जेवलात काय, गोळ्या घेतल्या काय, आणि शेवटी तिचा प्रश्न, "अण्णा, कधी येता?" त्यावर यांचं उत्तर, "थंडी कमी होऊ दे." त्या गावातली थंडी कधीच कमी होत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. अण्णांच्या कपाटावर एक निळी टणक सुटकेस होती. कॅनडाला जायचं म्हणून नवराबायकोंनी मिळून चिकपेटेच्या बाजारातून आणलेली. मग अण्णांची बायको आजारी पडली आणि ती सुटकेस तशीच, आतल्या कागदासकट, कपाटावर राहिली. अण्णा तिच्यावरची धूळ रोज पुसत, खाली मात्र कधी काढत नसत.

एका रविवारी वैजूने सांगितलं की तिथल्या बायकांच्या संघात ती बर्फावरची हॉकी खेळायला लागली आहे. अण्णा हरखले. चेंडू नसतो, रबराची चकती असते हे ऐकून तर त्यांचा जीवच भांड्यात पडला. "रबर म्हणजे मऊच की," ते मला म्हणाले. पुढे वैजूच्या ओळखीचं एक जोडपं सुट्टीवर आलं, त्यांच्याबरोबर तिने कौतुकाने एक चकती पाठवली. अण्णांनी ती हातात घेतली, वजन पाहिलं, आणि सहज गुडघ्यावर मारून बघितली. पुढचा सबंध दिवस ते लंगडत होते. त्यात त्या जोडप्यातल्या नवऱ्याने माहिती पुरवली की खेळाआधी ती गोठवतात, म्हणजे ती बर्फावर उसळत नाही. आणि वैजूचं काम गोलच्या अलीकडे उभं राहून, वेळ आली तर आडवं पडून, अंगावर ती अडवायचं. अण्णांनी त्या गृहस्थाच्या हातातला कप काळजीपूर्वक काढून घेतला, इतकंच.

त्यानंतर महिनाभराने फोनवर वैजू हसत हसत म्हणाली की चकती लागून उजव्या हाताचं बोट मोडलं, पण गोल वाचला. अण्णांनी विचारलं, "तिथे हातमोजे देत नाहीत काय?" देतात, ती म्हणाली, पण बोटांवर अस्तर पातळ असतं. झालं. अण्णांनी हट्ट धरून तिचे जुने हातमोजे मागवून घेतले. ते आले तेव्हा आम्ही दोघं बघतच राहिलो. कोपरापाशी पोचणारे, गुबगुबीत, तळव्याला मऊ चामडं आणि वरून गाद्यांच्या वळकट्या. अण्णांनी त्यांत हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. मला वाटलं, तपासताहेत. मग म्हणाले, "आत तिच्या बोटांचे खड्डे पडलेत बघ."

पुढचे काही आठवडे घराचा कारखाना झाला. अण्णांना शिवणकामाचं काडीचं ज्ञान नव्हतं. पहिल्या प्रयोगात त्यांनी चिकपेटेतून आणलेला सगळा फोम एकाच मोज्यात भरला. मूठ मिटेना आणि हात बाहेर निघेना, आणि दारावर आलेल्या पोस्टमनच्या कागदावर त्यांनी डाव्या हाताने सही केली. दुसरा मोजा घेऊन ते बंगलोरातल्याच शिवाजीनगरला चामड्याच्या पिशव्या शिवणाऱ्याकडे गेले. तो उलटसुलट करून म्हणाला, "क्या साब, भालू को पैनाते क्या?" अण्णा गंभीरपणे म्हणाले, "नही, बेटी को." त्या माणसाने मग हसणं थांबवून टाके घातले. चाचणी गच्चीवर होत असे. चकती बर्फाच्या खणात आइसक्रीमशेजारी गोठवली जाई. अण्णा मोजा घालून कठड्यावर हात ठेवत आणि वैजूची जुनी स्टिक माझ्या हातात देऊन म्हणत, "मार." मला मारवेना. मी हळूच ढकललं की ते चिडत. "अम्मा, तिथल्या बायका असं मारणार काय? जोरात!" एकदा मी डोळे मिटून मारलं. अण्णा "सरी, छान" म्हणाले आणि खाली गेले. रात्री जेवताना त्यांनी डावा हात शालीखालून काढला नाही.

फोम पुरत नाही, वर काहीतरी टणक हवं, पण बोटं वाकली पाहिजेत, म्हणजे तुकडे हवेत आणि तुकड्यांमध्ये फटी हव्यात, इथवर ते आले आणि अडले. पत्रा त्यांनी आणला. तो जड झाला. प्लास्टिकच्या बादल्या कापल्या, त्या तडकल्या. मग एके दिवशी मी कामावरून आले तर अण्णा ओसरीत करवत घेऊन बसलेले. समोर निळी सुटकेस उघडी पडलेली होती आणि तिच्या झाकणाचे बोटाएवढे तुकडे वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले होते.

"अण्णा, ही कशाला कापलीत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"हिच्याइतकं चिवट काही नाही ग. बघ, वाकतं पण तुटत नाही." ते मान वर न करता एका तुकड्याची कड घासत राहिले. मग म्हणाले, "मी काही आता जात नाही. निदान ही तरी जाऊ दे."

ते मोजे झाले. बोटांवर, अंगठ्यावर आणि मनगटापाशी फोम, त्यावर निळे तुकडे, त्यावर काळं चामडं. बाहेरून काही दिसत नसे. कॅनडाला परतणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर ते गेले. नंतरच्या फोनवर वैजू म्हणाली की मैत्रिणी हसल्या, पण चकती लागली तेव्हा नुसतं ढकलल्यासारखं वाटलं. अण्णांनी हे वाक्य गल्लीतल्या प्रत्येकाला कानडी, मराठी, तमिळ, जमेल त्या भाषेत सांगितलं.

थंडी सरता सरता एका रविवारी ठरलेल्या वेळी फोन वाजला आणि अण्णांनी उचलून, काही क्षणांत, माझ्या हातात दिला. "हिला काय झालंय बघ. बोलत नाही." मी कानाला लावला. वैजू रडत होती. अंगठ्याचं चामडं फाटलं होतं आणि आतून निळा रंग दिसला होता. "त्यांनी आईची बॅग कापली?" तिने मला विचारलं. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "त्यांना सांग, मी आता विचारणार नाही कधी येता म्हणून. मीच त्यांचं तिकीट काढते."

आणि अण्णा गेले. माझी सुटकेस घेऊन, अंगात चार स्वेटर घालून, निघताना तिच्या आठही कोपऱ्यांना टोप्या शिवून. दोन महिने घर असं गप्प होतं की मी संध्याकाळी उगाच फाटकाची कडी वाजवून आत येत असे.

परत आल्यावर त्यांनी नायगारा, बर्फ, तिथली दुकानं, सगळं रंगवून सांगितलं. मॅचचं काही सांगेनात. शेवटी मीच कॉफी करून ओसरीत नेली आणि विचारलं.

"गेलो होतो की," ते म्हणाले. "खिशात आयोडीन घेऊन. काच असते ग मध्ये, आत जाताच येत नाही."

"मग? खेळ कसा वाटला?"

"एकीने चकती मारली. ही आडवी पडली. मोठा आवाज झाला. मी डोळे मिटले." अण्णांनी कप खाली ठेवला. "मग उघडले आणि खुर्चीवरून उठायला लागलो. आता माझे गुडघे असे. मी नीट उभा राहायच्या आत ती उठली पण होती, अम्मा. हसत होती. दुसऱ्या पोरीला हात देऊन उठवत होती."

पुण्याला माझे बाबाही त्या वेळी टेलिफोनपाशी बसलेले असतील, असं उगाच मनात आलं. रस्त्यावरून मोगरा विकणारी फुलवाली "मल्लिगे, मल्लिगे" ओरडत गेली. अण्णा तिच्या आवाजाच्या दिशेने पाहत होते.

"मग मी बसलो," ते म्हणाले. "बाकीचे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या."