फुलाचं बटण

मी बापावर गेले आहे, हे लहानपणापासून इतक्या लोकांनी सांगितलंय की माझं स्वतःचं काही उरलंय की नाही अशी शंका यावी. नाक त्यांचं, भुवया त्यांच्या, नाकावरचा राग तर शंभर टक्के त्यांचा. पप्पांना ते ऐकायला फार आवडायचं. आम्ही मोरिवलीत राहायचो आणि पप्पा जवळच्याच एका रंगाच्या कारखान्यात होते. बारावीनंतर मीही तिथेच पॅकिंगला लागले, तेव्हा गेटवरचा वॉचमन म्हणाला, "पोरगी बापावर गेली." पप्पा दिवसभर खूश होते.

डब्यावर बॅच नंबर चुकीचा उठला की तो थिनरच्या फडक्याने, उघड्या हातांनीच पुसायचा, हे माझं काम. चुका दुसऱ्यांच्या, पुसायच्या मी. पण पप्पा रिटायर व्हायला आले होते, मी पर्मनंट होणार होते आणि पुढे घर माझ्या पगारावर चालणार होतं. त्यामुळे तोंड बंद ठेवून पुसत होते.

बोनस झाला तेव्हा आईला साडी घ्यायची सोडून मी उल्हासनगरला गेले आणि कॅम्प दोनमधल्या एका दुकानातून जुना डिजिटल कॅमेरा उचलला. दुकानदार सिंधी काका म्हणाले, "बेटी, ये फूलवाला बटन दबा. मच्छर की मूँछ भी दिखेगी." मला वाटलं होतं, ते फुलांचे फोटो काढायचं बटण असेल.

सुरुवातीला मी लांबून झूम करायचे आणि सगळं धूसर यायचं. मग कळलं, की ते अगदी जवळून फोटो काढायचं बटण आहे; झूम पूर्ण मागे घ्यायचा आणि कॅमेराच वस्तूला जवळजवळ टेकवायचा. त्याची सावली पडते, हात हलतो, श्वास रोखून धरावा लागतो. पण एकदा फोकसचा हिरवा चौकोन लागला, की केस न् केस दिसतो.

कॅमेऱ्यासोबत मिळालेली पिवळी वायर टीव्हीला जोडून मी ते फोटो मोठे करून बघायचे. साखरेवरची मुंगी टीव्हीभर झाली. मुंगीला तोंड असतं हे मला माहीत होतं. ती माझ्याकडे बघते, हे माहीत नव्हतं. खिडकीत मेलेल्या माशीच्या डोळ्यांवर निळी पूड बसली होती, कुणी मुद्दाम भरल्यासारखी. मग दारातल्या कढीपत्त्याचं पान. ज्याला आम्ही धूळ म्हणायचो ते जांभळे खडे होते, पानाच्या शिरांमध्ये घट्ट रुतलेले.

"सकाळी आमटीत हेच टाकलं मी," आई म्हणाली आणि टीव्हीसमोरून उठून गेली.

त्यानंतर मला घरात नीट बसवेना. दोरीवरचा पप्पांचा टॉवेल, पाण्याच्या पिंपाची कड, उशीचा अभ्रा, सगळ्यावर काहीतरी आहे आणि ते आपल्याआधीपासून इथे राहतंय, असं वाटायचं. भीती वाटायची, तरी दर सुट्टीला मी कॅमेरा काढायचेच.

माझ्या एका सुट्टीला दुसरं काही सुचेना म्हणून खिडकीतल्या उजेडात स्वतःच्या अंगठ्याचा फोटो काढला. फोकस हुकला असं वाटून पुन्हा काढला. मग टीव्हीला वायर लावली. फोकस हुकला नव्हता. नखाची कड स्पष्ट होती, एक बारीक चीर स्पष्ट होती. कडेच्या रेषा भोवऱ्याच्या दिशेने निघत होत्या आणि मध्येच संपत होत्या. मधोमध काहीच नव्हतं. नाकडोळे नसलेलं तोंड समोर येऊन बसावं तसा तो अंगठा टीव्हीत बसला होता.

तेवढ्यात पप्पा पहिल्या शिफ्टवरून आले. दारातच थांबून टीव्हीकडे बघू लागले.

"माझा अंगठा कधी काढलास गं? मी झोपलेलो का?" त्यांनी स्वतःचा अंगठा वर केला. "कधीच्याच गेल्यात रेषा. चोरी केली तर पोलिसांना नाय सापडणार मी."

हा त्यांचा जुना विनोद. आई सवयीने हसली. मला हो म्हणता आलं असतं.

"पप्पा, तो माझा आहे."

त्यांना आधी समजलंच नाही. मग त्यांनी मला खिडकीशी नेलं आणि कापडाचा पोत बघावा तसा आपला अंगठा माझ्या अंगठ्यावर घासला. कुणाच्याच हाताला काही लागलं नाही. त्यांनी टीव्ही बंद केला. काळ्या काचेत आम्ही दोघं उभे होतो, तेच नाक, त्याच भुवया, आणि क्षणभर त्यातली मी कोण ते मला कळेना. मी खूप घाबरले.

"उद्यापासून यायचं नाय," पप्पा म्हणाले.

"अहो, पर्मनंट होतेय ती," आई म्हणाली.

सकाळी माझा गेटपास स्वतःच्या खिशात टाकून ते एकटेच शिफ्टला गेले.

मी बदलापूरला बेलवलीत एका झेरॉक्सच्या दुकानात लागले. पगार निम्मा. पण काही महिन्यांनी अंगठ्याच्या मधोमध बारीक रेषा उमटायला लागल्या. मी फोटो काढला, टीव्हीला लावला आणि पप्पांना हाक मारली. त्यांनी जवळ येऊन बघितलं. मग त्यांनी आईला बोलावलं, तिचा अंगठा धरून टीव्हीजवळ नेला. त्यावर सुरीच्या चिरा होत्या, पण रेषा जागच्या जागी होत्या.

"आईवर गेलीस तू," पप्पा म्हणाले आणि स्वतःचे हात पाठीमागे घेतले.