दोन वर्षं नुसतं ऐकायचं

बाईंकडं गाणं शिकायला गेलो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. लग्न झालेलं, वलगावात काळीची चांगली जमीन. त्या सुमारास समुद्रापल्याड कुठं तरी लढाई जुंपली होती आणि आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. ज्याच्या त्याच्या मनात काही तरी नवं घ्यायचं होतं. कोणी घोडी घेतली, कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. मी म्हटलं, मले गाणं शिकाचं हाय.

बाई नागपूरच्या दरबारात गायलेल्या. कंपनी सरकारनं ते राज्य खालसा केलं, दरबार उठला, आणि त्या अमरावतीला आल्या. इथं कापसाच्या व्यापाऱ्यांकडं त्यांच्या बैठकी होत. बैठकीला जाणारे इभ्रतदार. शिकायला जाणारा मात्र बिघडलेला, असा आमच्याकडचा न्याय.

पहिल्याच दिवशी त्यांनी तालमीचा कायदा सांगितला. "दोन वर्षं नुसतं ऐकायचं. गळा उघडलास तर दार तिकडं आहे."

रोज सकाळी त्या तंबोरा छेडत आणि माझी पाठ त्यांच्याकडं असे. कुठली तार वाजली, सांग. कुठली उतरली, किती उतरली, सांग. मी चुकलो की त्या रागावत नसत, तीच तार पुन्हा छेडत. वीस वेळा, तीस वेळा. मग एक दिवस म्हणाल्या, "या खर्जाच्या तारेत गंधार बोलतो. तो कोणी लावलेला नाही, आपला आपण येतो. तो ऐकू आल्याशिवाय पुढचा पाठ नाही."

मला चार महिने काही ऐकू आलं नाही. ऐकू येतो असं खोटं सांगावं, असं दोनदा मनात आलं होतं. मग एका सकाळी, तारेचा आवाज विरत चालला असताना, वर कुठं तरी बारीक, गोड असं काही उभं राहिलं. मी वळून पाहिलं. बाई हसत होत्या. "आला ना?" म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याची मला लाज वाटली नाही.

वर्ष होत आलं तेव्हा जातीची बैठक बसली. मारुतीच्या पारावर सगळे जमले. मधोमध आमचे वडीलधारे पंच.

"कावून जातं तू त्या बाईच्या घरी?"

"शिकाले जातो."

"तुले लाज नाही?"

मी तोंड उघडायच्या आत बाप उठला. बाप मोठा हुशार माणूस. म्हणाला, "अहो, माहा पोरगा साल झालं नुसता आयकूनच राहिला. एक अक्षर गायला नाही. तिच्या बैठकीत तुमी बी आयकता. मंग याले कायचा दंड?"

काही जण हसले. पंचही मिशीत हसले. सुटल्यातच जमा होतो मी. नुसतं गप्प राहायचं होतं.

"पुढल्या साली गाईन," मी म्हटलं. "अन् बाईनं शिकवलं तेच गाईन. चारचौघांत गाईन."

त्याच दिवशी आमची पंगत तुटली. कोणाच्या लग्नाला बोलावणं नाही, कोणाच्या मयतीला खांदा नाही. बायकोचं माहेर दर्यापूरचं. तेही बंद झालं. मी तिला म्हटलं, तुझ्यासाठी माफी मागू का? ती भाकरी थापत होती. "मागसान त मी खरंच माहेरी निंघून जाईन," म्हणाली. बाप माझ्याशी सहा महिने बोलला नाही. पण त्यानंही कोणापुढं हात जोडले नाहीत.

दोन वर्षं भरली त्या दिवशी बाप कापसाची गाडी घेऊन अमरावतीला आला होता. बाजारातून थेट बाईंच्या दारात येऊन उभा राहिला.

"आत या, पाटील."

"मले काय समजते त्यातलं?"

"बाजारातल्या शंभर गाड्यांत तुमच्या बैलाची घंटी ओळखता की नाही?"

"ते त ओळखतो."

"मग बसा."

माझी परीक्षा होती. मी पाठ करून बसलो. पहिल्यांदा त्यांनी पंचम उतरवला, मी सांगितलं. दुसऱ्यांदा खर्ज केसभर चढवला, तेही सांगितलं. तिसऱ्यांदा तंबोरा वाजत राहिला आणि मला काहीच खटकलं नाही.

"बराबर हाय," मी म्हटलं.

"नीट ऐक. मधल्या जोडीतली एक तार उतरली आहे."

मी ऐकलं. "नाही उतरली."

"मी तुझी गुरू. मी सांगते, उतरली आहे."

बापानं घसा खाकरला. मी पाठ न वळवता म्हटलं, "बाई, तुमी सांगसान तरी नाही उतरली."

तंबोरा थांबला. मग त्या म्हणाल्या, "उद्यापासून सा लावायचा."

लढाई संपली, भाव कोसळले आणि व्यापाऱ्यांच्या बैठकीही आटल्या. बाई अकोल्याला गेल्या. मी आणि बायको मागोमाग गेलो. त्यांच्या पश्चात ती तालीम मी चालवली. माळ्यांची, कुणब्यांची पोरं येत, पुढं दोन मुलीही आल्या.

गावाकडून निरोप आला होता, पारावर एक नारळ ठेव, पाया पड, जातीत परत घेतो. मी कळवलं, आज सवड नाही, शिकवून राहिलो.