ओट्यापाशी आई

आमची आई बसून स्वयंपाक करायची नाही. कांजूरमार्गच्या आमच्या चाळीत तेव्हा बहुतेक बायका जमिनीवर स्टोव्ह ठेवून, पाटावर बसून रांधायच्या. आईने मात्र बाबांच्या मागे लागून खोलीच्या कोपऱ्यात कडप्प्याचा ओटा घालून घेतला होता. गावी, मालवणाकडे, तिचं सगळं लहानपण चुलीपुढे वाकून फुंकणी फुंकण्यात गेलेलं. मुंबईत आल्यावर आपण उभं राहून भाकरी भाजायची, एवढीच तिची हौस. कोणी काही अडचण सांगत आलं, की ती पाठमोरीच ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बगूया. आधी भाकरी तर फुगांदे."

साकीनाक्याला एका कारखान्यात ती पॅकिंगचं काम करायची. एका दुपारी माल भरायला आलेला टेम्पो मागे येता येता तिला भिंतीशी चेपून गेला. पाय वाचवायचे पुष्कळ प्रयत्न झाले, पण जखम चिघळली आणि शेवटी डावा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. आईची चाळिशीही उलटली नव्हती. ताई कॉलेजात होती, मी शाळेत. शुद्धीवर आल्यावर आईने चादरीवरून हात फिरवून पाहिला.  मग आम्ही दोघी काय जेवलो, ते तिने विचारलं.

घरी आली ती खाटेवरच. ताईने स्वयंपाक हातात घेतला, मी पाणी आणि भांडी. बाबा जखम धुऊन, पट्टी बांधून मगच कामावर निघायचे. आईला आम्ही कशाला म्हणून हात लावू देत नव्हतो. आपण तिला जपतोय, असं आम्हाला वाटायचं. ती मात्र भिंतीकडे तोंड करून पडू लागली. आमटीत मीठ कमी पडलं तरी बोलायची नाही, आणि आमच्या आईच्या बाबतीत हे तापापेक्षा वाईट लक्षण होतं.

एका संध्याकाळी ती कुशीवर वळली आणि हळूच म्हणाली, की गेलेल्या पायाचा तळवा खाजतोय. ताईने नि मी एकमेकींकडे पाहिलं.  बाबा उठले, खाटेच्या पायथ्याशी बसले आणि जिथे तिचं पाऊल असायला हवं होतं तिथली चादर नखांनी खाजवू लागले. थोड्या वेळाने आई म्हणाली, "वायच वर." बाबांनी हात वर सरकवला. तिने डोळे मिटून घेतले. पुढे कित्येक संध्याकाळी हे चालायचं, आणि त्यात काही वेगळं आहे असं घरात कोणाला वाटेनासं झालं.

बाबा साकीनाक्यालाच एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होते. बोलणं कमी, पण आईची तगमग त्यांना दिसत होती. एका रविवारी त्यांनी स्टोव्ह, परात, मिसळणाचा डबा, सगळं ओट्यावरून खाली उतरवलं, नीट मांडलं आणि शेजारी पाट ठेवला. आता तुला बसल्या जागी रांधता येईल, असं खुशीत सांगितलं. आई त्या मांडामांडीकडे बघत राहिली. अपघातानंतर ती पहिल्यांदा रडली ती तेव्हा.

"मी खाली बसाक मुंबैक नाय इलंय," ती म्हणाली. "सगळा वर ठेवा."

बाबांना ते लागलं. त्यांनी मुकाट्याने सगळं सामान परत वर ठेवलं आणि बाहेर निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी कामावरून येताना ते खांद्यावर लोखंडी पाइप घेऊन आले, आणि ओट्याच्या कडेने कमरेएवढ्या उंचीवर त्यांनी कठडा बसवला. आई कुबडी घेऊन तिथवर गेली, कंबर कठड्याला टेकवली, कुबडी सोडली. दोन्ही हात मोकळे झाले. पहिली भाकरी तव्यावर फाटली, ती तिने स्वतःच्या ताटात घेतली. त्या दिवशी ताईला मिठावरून, मला विस्कटलेल्या केसांवरून आणि बाबांना वाढलेल्या दाढीवरून भरपूर बोलणी बसली. आम्ही तिघं माना खाली घालून जेवत होतो आणि हसू दाबत होतो.

पुढे तिला कृत्रिम पाय मिळाला. लाकडाचा, खाली रबराचं पाऊल. सुरुवातीला तो भलतीकडेच पडायचा. "ह्येका मालवणी कळणा नाय," असं म्हणत ती त्याला मालवणीतच दटावायची. हळूहळू त्याला कळू लागलं असावं. ती बाजारात जाऊ लागली, नंतर कामावरही.

मग ताईचं लग्न ठरलं. मोठे काका घरी आले आणि म्हणाले, की कन्यादानाला पाटावर मांडी घालून बसावं लागतं, हिला ते जमायचं नाही, तेव्हा आम्ही नवरा-बायको बसतो. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आई "बरां" म्हणाली आणि ओट्याकडे वळली. तवा तापून धूर निघू लागला, तरी तिने पिठाला हात लावला नाही. ते पाहून बाबांनी पायात चपला घातल्या आणि ते थेट भटजींकडे गेले. खुर्चीवर बसलं तरी चालतं, असं भटजींनी सांगितलं. परत येऊन बाबांनी काकांना एवढंच म्हटलं, "ती खुर्चीवर बसतली. आणि मीय खुर्चीवरच बसतलंय, तिच्या बाजूक."

लग्नात होमाशेजारी दोन घडीच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. काही बायका कुजबुजल्या. आईने ताईच्या हातावर पाण्याची धार सोडली. बाबांनी आईच्या हाताला खालून आपला हात लावला.

निघताना ताई नमस्काराला वाकली. तिने आईच्या उजव्या पावलाला हात लावला. डाव्याजवळ मात्र तिचा हात थांबला. तिथे साडीच्या किनारीखालून रबराचं पाऊल दिसत होतं. ताईने वर पाहिलं.

"लाव गो हात," आई म्हणाली. "दोनय माझेच आसत."

ताईने दोन्ही पावलांवर कपाळ टेकवलं. तिला उठवायला आई वाकली, आणि आईचा तोल जाऊ नये म्हणून बाबांनी मागून तिचा दंड धरला.