शिकाले का शिकवाले?

हसाल तर हसा, पण आधी हातातला कप खाली ठेवा. मागं हा किस्सा सांगितला, तर माह्या वहिनीनं सगळा चहा सोफ्यावर उडवला!

तर मी एम. ए. झाली. अर्थशास्त्रात, बरं का! आणि करून काय राहिली होती? आमच्या गावी, सौंसरच्या एका दुकानात बसून साड्यांले फॉल लावून राहिली होती. नोकरीसाठी अर्ज करून करून थकली. शेवटी ठरवलं, पुन्हा कॉलेजात जायचं, कम्प्युटरचा डिप्लोमा करायचा. सासूबाई म्हणाल्या, "जाय बापा, पोट्टे मी पाहीन."

झालं! मार्कशीटची फाइल काखेत मारली आणि आमच्या यांच्या मोटरसायकलवर बसून निघाली पांढुर्ण्याले.

हे कॉलेजच्या गेटसमोरच्या पानठेल्यावर थांबले. मी आत गेली. दारावर चपराशी, गालात तंबाखू-सुपारीचा हा एवढा खर्रा!

"कायले आल्या?"

"शिकाले."

"आँ? शिकवाले?"

"हो हो, शिकाले!"

"विषय?"

"एम. ए. अर्थशास्त्र."

"मंग वर जा. तिकडंच मुलाखती चालू आहे."

मी म्हटलं, वा! आता प्रवेशालेही मुलाखत? जमाना लईच पुढं गेला!

वरच्या खोलीत प्राचार्य सर आणि एक मॅडम बसल्या होत्या. मले पाहून दोघंही इतके खूष झाले, का मलेच लाजल्यासारखं झालं. पाणी काय, खुर्ची काय! विद्यार्थ्याचा एवढा मान?

"अनुभव?" मॅडमनं विचारलं.

"फॉल-पिकोचा आहे."

दोघंही एकमेकांकडे पाहाले लागले. सर खाकरले. "बरं. मुलं सांभाळता येतील का? फार वांड असतात."

आता सांगा, माहे पोट्टे वांड आहे, हे यांले कोणी सांगितलं असन? "त्यांची फिकीर नको सर. सासूबाई पाहतात."

"सासूबाई?"

"हो जी. त्यांचा धाक चांगला आहे."

"आणि तुमचं ऐकलं नाही तर?"

"पाठीत एक धपाटा देते. मंग मांडीवर घेऊन दूधभात चारला, का लगेच झोपतात!"

मॅडमच्या हातातला पेन खाली पडला.

"एका वेळी किती मुलं सांभाळली आहेत तुम्ही?" सरांनी हळूच विचारलं.

"दोनच, सर. तिसऱ्याची हिंमत नाही झाली."

सरांनी समोरचा कागद बाजूले सारला. मले वाटलं, प्रवेश हातचा जाते. मी हात जोडले. "सर, खरं सांगते. मले काहीच येत नाही. जे शिकली होती, तेही सगळं विसरली. फक्त पहिल्या बाकावर बसू द्या, मले दूरचं दिसत नाही."

"बाकावर? बाई, तुम्हाला तर उभं राहावं लागेल."

"वर्षभर? उभी? अहो, पण माह्यी चूक काय?"

सरांनी चष्मा काढला. "तुम्ही इथे शिकवायला आलात ना?"

"नाही जी! शिकाले!"

मॅडमनं पदर तोंडाशी नेला. सर म्हणाले, "बाई, ही अर्थशास्त्राच्या शिक्षकांची मुलाखत आहे. सकाळपासून तुमच्याशिवाय कोणी फिरकलंसुद्धा नाही."

ज्या नोकरीच्या मागं एवढी वर्षं पळून राहिली होती, ती स्वतः खुर्ची देऊन, पाणी पाजून बसली होती. आणि मी तिले दूधभात चारून राहिली होती!

"सर, मले शिकवाले पण येते!"

"तुम्ही आत्ताच म्हणालात, सगळं विसरलात."

"ते… ते विनयानं म्हटलं."

"आणि धपाटा?"

मी फाइल उचलली. खाली गेली आणि गुपचूप कम्प्युटरच्या वर्गात नाव टाकून आली.

पण गंमत इथं थोडीच संपते? मी नाव टाकलं म्हणताच यांनी पानठेल्यावरूनच घरी फोन करून टाकला होता, "हिचं कॉलेजात शिकाचं जमलं!" सासूबाईंनी ऐकलं 'शिकवाचं', म्हणजे सून प्रोफेसर झाली. आम्ही घरी पोचेपर्यंत गल्लीभर पेढे वाटून झाले! मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारची पिंकी पुस्तक घेऊन समोर. बारावीत आहे.

"मॅडम, मागणीची लवचिकता म्हणजे काय हो?"

एम. ए.ले हा सवाल मी घोकून घोकून पाठ केला होता. पण डोक्यात एक अक्षर येईन तर शप्पथ! बाजूले सासूबाई डोळ्यांत पाणी आणून कौतुकानं पाहून राहिल्या. त्यांचा पेढा गोड राहू द्याचा, का खरं सांगाचं?

मी आवाज जड केला. "पिंकी, हा विषय लई खोल आहे. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात पहिला तास. कम्प्युटरच्या सरांनी माउस कसा धरायचा, ते सांगितलं आणि विचारलं, "कोणाला काही शंका?"

सगळ्यात आधी हात माहाच वर.

"सर, मागणीची लवचिकता म्हणजे काय असते जी?"