फक्कीपासून स्लॅबपर्यंत आप्पा

दोष आप्पांचा. थोडा बापूंचा, रज्जाकचाचांचा अजिबात नाही, आणि माझा एवढाच की मी ह्या लोकांच्या घरात जन्मलो.

घर बांधायला काढलं की वाळू-खडीच्या आधी किस्से येऊन पडतात. वाळू संपते, खडी संपते, किस्से तिथंच. आमच्या घराला दोन वर्षं झाली, पण जळकोटच्या कुठल्याही हॉटेलात चार जण बसले की कुणीतरी म्हणतंच, "ते आप्पाचं सांग की!" तर सांगतो.

आप्पा माझे थोरले चुलते. बापू माझे वडील, आप्पांचे धाकटे भाऊ, त्यामुळं जन्मापासून "व्हय दादा" म्हणणारे. मी सिव्हिलचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. का सोडला ते विचारू नका, अख्ख्या गावानं विचारून झालंय. नंतर सोलापूरला सहा महिने मोबाइल रिपेअरिंग शिकून आलो. बापू म्हणाले, "घर पुरं होईस्तोवर साइटवर उभा ऱ्हा. रस्त्याकडचा दहा बाय बाराचा गाळा तुझा. टाक दुकान."

बापूंनी मला दिलेला हा पहिला शब्द. म्हणून उभा राहिलो. मला फक्त तो गाळा पाहिजे होता. बाकीचं घर त्यांनी उलटं टांगलं असतं तरी माझी हरकत नव्हती!

*

पहिल्या दिवशी रज्जाकचाचांनी फक्कीनं, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या भुकटीनं, जमिनीवर खोल्यांच्या रेघा मारल्या. चाचा आमचे गवंडी. आता उघड्यावर आखलेली खोली कायम लहानच दिसते. आभाळाखाली दहा बाय बारा म्हणजे रुमाल! भिंती उठल्या की तीच मोठी वाटते. हे मला कॉलेजात शिकवलं, चाचांना न शिकवता माहीत, आणि आप्पांना मान्य नाही.

आप्पांनी घरून बाज मागवली. आपल्या खोलीच्या रेघांमधी टाकली. भर अकरा वाजता तिच्यावर आडवे झाले आणि डोळे मिटले. आम्ही सगळे उभे. पाच मिनिटांनी उठून बसले.

"न्हाय. जीव घुसमटतोय."

डोक्यावर सूर्य, चारी बाजूंना रान, वाऱ्यानं टोपी उडतेय, आणि ह्यांचा जीव घुसमटतोय!

चाचांनी रेघ उजवीकडं तीन फूट बाहेर सरकवली. मग आप्पा उठले आणि तडक माझ्या गाळ्याकडं निघाले. तेवढ्यात काकू ओरडल्या, "अवं, भितीतून काय जाताय? दारातून जावा की!"

आणि आप्पा वळले. अडुसष्ट वर्षांचा माणूस फक्कीच्या दारातून बाहेर पडला, फक्कीच्या गाळ्यात शिरला आणि म्हणाला, "ह्यातलं दोन फूट हॉलला घ्या."

बापू म्हणाले, "दादा, गाळ्याला हात न्हाय लावायचा."

मी बापूंकडं बघतच राहिलो. चाचा तर फक्कीचं घमेलं घेऊन तसेच उभे! उभ्या जन्मात बापूंनी आप्पांना म्हटलेलं हे पहिलं 'न्हाय'. काकू म्हणतात, शेवटचंसुद्धा.

*

आप्पांचे एक दोस्त आहेत, रिटायर गुरुजी. शाळेत आम्हाला गणित शिकवायचे. पायथागोरसचं प्रमेय आलं नाही म्हणून त्यांनी मला व्हरांड्यात उभं केलंय, तेही पावसात. आप्पांनी त्यांना मुद्दाम बोलावलं. "मिस्त्री न शिकलेला हाय, तुम्ही जरा कोपरे तपासा."

चाचांनी कोपऱ्यात खुंटी मारली. एका दोरीवर तीन फूट मोजले, दुसरीवर चार, आणि तिरकी टेप धरली. पाच फूट आले.

"गुन्यात हाय," चाचा म्हणाले. म्हणजे कोपरा काटकोनात आहे.

गुरुजींनी चष्मा वर केला. "कशावरून?"

"तीन, चार, पाच."

"आकडे नका सांगू. कारण सांगा."

चाचांनी परत मोजून दाखवलं. गुरुजी आप्पांच्या कानाशी लागले, पण आवाज वर्गातलाच, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं: "काहीतरी अंदाजानं चाललंय. लक्ष ठेवा!"

तीस वर्षं हा माणूस ते प्रमेय फळ्यावर लिहीत होता! मी म्हणालो, "गुरुजी, हे पायथागोरसचंच की, तुम्हीच शिकवलंय." ते म्हणाले, "तुला काय शिकवलंय ते दिसतंयच की."

चाचा मात्र नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "भतीजे, ह्ये काय म्हंते, पायथा... कोण हाय त्यो? कुठल्या गावचा मिस्त्री?"

*

सिमेंटची चाळीस पोती आली. मी म्हणालो, खाली फळ्या टाका, पोती भिंतीपासून लांब ठेवा, वर ताडपत्री घाला. आप्पा म्हणाले, "अर्ध्या इंजिनेर, गप बस." मला ते त्याच नावानं हाक मारतात, पाहुण्यांसमोरसुद्धा. मग त्यांनी स्वतः उभं राहून पोती पाण्याच्या हौदाला लावून थप्पीला लावली, खाली ओल्या जमिनीवर.

"उन्हाळा लई हाय. मालाला जरा गारवा पायजे."

कांद्याला गारवा लागतो, बियाण्याला लागतो, म्हणून सिमेंटलाही लागत असणार! आठ दिवसांनी खालचं पोतं उचलायला गेलो तर चौघांना हलेना. कागद फाडला, आत दगड. पोत्याच्या आकाराचा, शिवणीसकट. असे अकरा निघाले.

मी आप्पांकडं बघितलं. मला वाटलं, आता तरी गप बसतील. आप्पांनी एका दगडावर बोटानं टकटक केलं आणि मान डोलावली.

"बघा! पाणी न मारता एवढं घट्ट! कंपनी चांगली हाय."

*

भिंती खिडकीपर्यंत आल्या. आप्पा रोज सकाळी लांब उभे राहून एक डोळा झाकायचे. म्हणायचे, "माझ्या नजरेत ओळंबा हाय." एक दिवस म्हणाले, "चाचा, ही भित डावीकडं कलली. पाडा."

चाचांनी ओळंबा सोडला. दोरीच्या टोकाला पितळी लोळा, वरपासून खालपर्यंत भिंतीपासून तेवढाच लांब. केसाचाही फरक नाही.

"आप्पा, सरळ हाय."

आप्पा जवळ आले. दोरीकडं एक डोळा झाकून बघितलं. मग दुसरा झाकून बघितलं.

"दोरीबी डावीकडंच हाय."

चाचा आयुष्यात कधी कुणाला उलटं बोलले नाहीत. ते हळूच म्हणाले, "आप्पा, मग पृथ्वी सरळ करून घिऊ का?"

आप्पांनी दोन मिनिटं खरंच विचार केला. "ऱ्हाऊ द्या आता," म्हणाले, "गिलाव्यात जमवा."

*

आता स्लॅब.

स्लॅबच्या दिवशी गावात लग्नासारखं असतं. मिक्सर, लिफ्ट, वीस-बावीस माणसांची टोळी, खाली पाहुण्यांसाठी मटणाचं पातेलं. चार वाजता काँक्रीट टाकून झालं. त्या टोळीचा दुसऱ्या दिवशी अणदूरला स्लॅब होता. घाईघाईनं जेवले, मिक्सर गाडीला जोडला, लिफ्ट सोडली, शिड्या लादल्या आणि गेले.

आम्ही पंगतीला बसलो. मी खूश होतो. माझ्या गाळ्याला तोंडाशी शटरसाठी आठ फूट सोडलेले, डोक्यावर स्लॅब आलेला. गाळा दहा बाय बाराच्या दहा बाय बारा!

काकू वाढता वाढता थांबल्या. "आप्पा कुठंयत?"

वरून आवाज आला. "ए! शिडी कुठंय रं?"

आप्पा नारळ फोडायला वर गेलेले. नारळ फोडून मागच्या कोपऱ्यात फळीवर बसले, लातूरच्या लेकीला व्हिडिओ कॉल लावला आणि अख्खा स्लॅब दाखवत बसले. आता पुढं ओलं काँक्रीट, मागं बारा फूट खोल.

चाचा ओरडले, "आप्पा, हालू नका! पाय उमटला तर पावसात तिथंच तळं हुतं!"

टोळीला फोन लावला, लागेना. शेजाऱ्यांची शिडी आणली, चार फूट कमी पडली. काकूंनी बादलीला दोर बांधून भाकरी-मटण वर पाठवलं. आप्पांनी जेवून बादली खाली सोडली आणि म्हणाले, "रस्सा पाठवा." मग तिथूनच विचारलं, "अरे, पण जिना कुठंय?"

नकाशात जिना घराच्या उजव्या अंगाला होता. तिथली जागा आता आप्पांच्या खोलीत होती. दारापुढं जिना चालत नाही. आप्पांच्या खिडकीपुढं तर विचारायचंच नाही.

आप्पा फळीवर उभे राहिले. वरून त्यांना पहिल्यांदाच सगळं घर एकदम दिसत होतं. हात लांब करून रस्त्याकडं दाखवलं. "बापू, हितून घ्या. रस्त्याच्या कडंनं वर. ऐसपैस हाय!"

मी ताटावरून उठलो. "आप्पा, ते माझं शटर हाय!"

"मग?"

"शटरपुढं जिना आला तर गिऱ्हाईक येणार कुठून?"

आप्पांनी मिशीवरचा रस्सा पुसला. "शटर वर जातंय, जिनाबी वरच जातोय. अडचण कुठंय?"

पंगत हसली. मी बापूंकडं बघितलं. बापूंनी वर बघितलं. तोंडात घास होता, तो गिळला.

"व्हय दादा," बापू म्हणाले.

जिना सोळा पायऱ्यांचा झाला. दुकान झालं नाही. गाळ्यात आप्पांच्या सोयाबीनची पोती आहेत.