घर वाळेपर्यंत

आदरणीय नलिनीताई घाटोळे यांची आणि माझी पहिली भेट मे महिन्यातल्या भर दुपारी, धरमपेठेतल्या त्यांच्या वास्तुरचनेच्या कार्यालयात झाली. मी नुकतीच स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली होती आणि नोकरीच्या मुलाखतीसाठी आले होते. नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी कुणाला मुलाखतीला बोलावणं हा निव्वळ छळ आहे, अशी रिक्षातून येतानाच माझी खात्री झाली होती. पण कार्यालयात पाऊल टाकलं आणि बरं वाटलं. एसी नव्हता. खिडकीत वाळ्याचा पडदा होता, डोक्यावर पंखा होता आणि पश्चिमेच्या बाजूला सगळी कपाटं एकाला एक लावून ठेवली होती. बाई चांगल्याच काटकसरी दिसतात, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.

ताईंनी माझी गुणपत्रिका पाहिलीच नाही. "तुमच्या घरी उन्हाळ्यात दुपारी सगळे कोणत्या खोलीत आडवे होतात?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "देवघराच्या शेजारच्या." "का?" "तिथे थंड असतं." "का थंड असतं?" चार वर्षं शिकून मला आमच्याच घरातली खोली थंड का असते हे सांगता येईना. ताई म्हणाल्या, "घरी जा, बघा आणि उद्या येऊन सांगा." मी गेले, पाहिलं. त्या खोलीच्या पश्चिमेला जिना होता आणि जिन्यापलीकडे कडुनिंब. भिंतीवर ऊन पोचतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते सांगितलं आणि नोकरी लागली. आज ताई पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत, आणि मी अजूनही त्यांच्यासाठी रोज काही ना काही बघून येते.

ताईंची कामाची पद्धत नागपूरकरांना ठाऊक आहे, तरी बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. प्लॉट घेतलेलं कुटुंब त्यांच्याकडे आलं की ताई त्यांना खुर्च्या आणि पाण्याचा माठ घेऊन एक दुपार त्या मोकळ्या प्लॉटवर बसायला लावतात. वारा कुठून येतो, सावली कुठे सरकते, कुणाच्या कूलरचा आवाज येतो, हे सगळं त्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय ताई कागदावर रेघ ओढत नाहीत. काही मंडळी रागावून उठून गेली. पण जी बसली, त्यांची घरं पाहायला आज बाहेरगावचे विद्यार्थी येतात.

इतवारीतल्या कापडाच्या एका व्यापाऱ्यांना पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच हवी होती. त्यांच्या मित्राच्या बंगल्याला तशी काच होती, तेव्हा यांनाही हवी. ताईंनी वाद घातला नाही. दुपारी चारच्या सुमारास त्या शेठजींना त्याच मित्राच्या दिवाणखान्यात घेऊन गेल्या आणि काचेजवळच्या सोफ्यावर बसवलं. यजमान चहा आणायला सांगत होते, तोवर शेठजी रुमालाने मान पुसत उभे राहिले. "अवो ताई, हे तं भट्टी होऊन राहिली! मले नाई पायजे काच. मले आपली जाडी भिंतच द्या." मित्राचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण ताई शांतपणे चहा प्यायल्या. त्या घराला त्यांनी पश्चिमेला न्हाणीघर, कोठीघर आणि जिना दिला, मधे पोकळी ठेवून दुहेरी भिंत बांधली आणि गच्चीवर ऊन परतवायला फुटक्या पांढऱ्या फरश्या बसवल्या. शेठजी आता स्वतःच पाहुण्यांना ती गच्ची दाखवतात.

ताईंचा दुसरा हट्ट कूलरचा. आपल्याकडे कूलर लावायचा आणि सगळी दारं-खिडक्या घट्ट बंद करायच्या, ही चूक घरोघरी होते. मग खोलीत चिकचिक होते, गाद्यांना वास येतो, भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी धरते, आणि दोष कूलर कंपनीला. "आत आलेली हवा जाणार कुठून?" हा ताईंचा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की मला तो झोपेतही ऐकू येतो. त्यांच्या प्रत्येक घरात कूलरच्या समोरच्या भिंतीत, वरच्या बाजूला, एक छोटी खिडकी असते आणि तिला बंद करायची कडीच नसते.

त्यांच्या स्वभावाविषयी लिहायचं तर प्रेमळ हा शब्द मी जपून वापरीन. ताई रागावतात, आणि चांगल्या रागावतात. एरवी प्रमाण मराठीत बोलणाऱ्या ताई रागावल्या की थेट आपल्या वऱ्हाडीवर येतात. एप्रिलच्या भर दुपारी एक ठेकेदार मजुरांना सळया उचलायला लावत होता. ताईंनी त्याला हाक मारली. "ये गा इकडे. आधी तू ही सळई उघड्या हातानं धरून पाय, अन् मंग त्यायले सांग." त्याने धरली आणि लगेच सोडली. तेव्हापासून आमच्या कुठल्याही कामावर उन्हाळ्यात दुपारची सुट्टी असते, आणि त्या सुट्टीत ताक ताईंकडून येतं. ठेकेदारालाही मिळतं.

पण ताईंनी माझ्यासाठी काय केलं, ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. माझी मुलगी रेवती दम्याची. आम्ही तेव्हा भाड्याने राहत होतो ते घर तळमजल्यावरचं, अंधारं, मागच्या भिंतीला कायमची ओल. थंडी सुरू झाली की तिची छाती वाजायला लागायची. वाफेचं यंत्र उशाशी, आणि मी त्याच्या शेजारी. डॉक्टर म्हणाले, घर बदला. म्हणून उमरेड रोडच्या एका ले-आऊटमध्ये आम्ही प्लॉट घेतला आणि नकाशा अर्थातच ताईंनी काढला. ते घर मला दिमाखासाठी नको होतं. माझ्या लेकीला त्यात श्वास घेता यावा, एवढंच हवं होतं.

बांधकाम लांबलं. गिलावा चैत्रात संपला, रंग त्याच्यामागून. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, गृहप्रवेशासाठी अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त कधीच धरून ठेवला होता. मामाजी पारशिवनीकडचे शेतकरी. शब्दाला पक्के आणि मुहूर्ताला त्याहून पक्के. नातेवाइकांना निमंत्रणं गेली होती. त्या आठवड्यात ताई आल्या, भिंतीवर तळवा टेकवला आणि प्लास्टिकचा एक तुकडा चारही बाजूंनी भिंतीला चिकटवून गेल्या. दुसऱ्या दिवशी तो आतून घामेजला होता. नव्या प्लायवुडचा आणि रंगाचा वास तर दारातूनच येत होता. ताई म्हणाल्या, "घर ओलं आहे. रेवती इथे झोपणार नाही."

मामाजी उसळले. "मुहूर्त का कोनासाठी थांबते का, बाई? अन् प्रवेश करून घर अंधारात सोडून जायचं? आमच्यात असं कोनी करत नाई."

मी दोघांच्या मधे उभी होते. एकीकडे गुरू, एकीकडे सासरे, आणि दाराशी रेवती खोकत होती.

ताईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी मामाजींच्याच बोलीत विचारलं, "भाऊ, ओला गहू तुमी कोठीत भरता का?"

"काहून भरीन? सडते ना तो."

"कसं समजते वाळला का नाई?"

"दाताखाली धरून पायतो."

"मी या भिंतीले तसंच पाहून राहिली. अजून नाई वाळली."

मामाजी वळले. भिंतीकडे गेले, प्लास्टिक जरा उचललं, बोटाने पुसून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पन दिव्याचं काय?"

"दिवा मी लावते," ताई म्हणाल्या. "मुहूर्तावर पूजा करा, दूध उतू जाऊ द्या, पंगत बसवा. पोरीले तेवढं परत न्या. घरातलं मानूस म्हणून मी चालत नाई का?"

आणि खरोखरच पूजेच्या दिवशी पाहुणे पांगल्यावर ताई आपली घडीची खाट आणि सुरई घेऊन आल्या. गच्चीवर खाट टाकली, सगळ्या खिडक्या उघडल्या, कपाटांची दारं सताड केली, पंखे चालू केले, देवासमोर समई लावली. ज्या बाईंकडे वेळ मागायला लोक रांग लावतात, त्या माझ्या घराच्या राखणीला बसल्या. दुसऱ्या संध्याकाळी मामाजी आपली खाट घेऊन हजर. म्हणाले, "घर माह्यं अन् राखन बाई करते, लोक काय म्हनतीन?" मग घर वाळेपर्यंत रोज हे दोघे गच्चीच्या दोन टोकांना खाटा टाकून झोपत, आणि सकाळी उठून प्लास्टिक पाहायला जात. कपाशी बरी की संत्रा बरा, यावर त्यांची जी भांडणं झाली ती साऱ्या ले-आऊटने ऐकली. शेवटी एका सकाळी मामाजींचाच फोन आला. "सूनबाई, भिंत वाळली वं. आन पोरीले."

रेवतीचा दमा मुळापासून गेला असं मी म्हणणार नाही. ताईंनाही असली अतिशयोक्ती खपत नाही. पण त्या हिवाळ्यात वाफेचं यंत्र बहुतेक कपाटातच राहिलं, आणि मी कित्येक वर्षांनी सकाळपर्यंत सलग झोपले. ताईंना पुरस्कार पुष्कळ मिळाले आहेत आणि त्यांची यादी याच अंकात इतरत्र आहे. माझ्या लेखी ती झोप त्या सगळ्यांहून मोठी आहे. आज नव्या ले-आऊटमध्ये तरुण जोडपी स्वतःहून विचारतात, कूलरची हवा जाणार कुठून, गिलावा वाळला का. ही सवय शहराला ताईंनी लावली, आणि ती टिकेल असं मला मनापासून वाटतं.

या गौरव अंकासाठी मी लिहीत होते तेव्हा मामाजी शेजारी बसले होते. आता त्यांना ऐकू कमी येतं, पण ताईंचं नाव बरोबर ऐकू येतं. मी विचारलं, "तुमच्याकडून काय शुभेच्छा लिहू?" रेवती तेव्हा कॉलेजातून नुकतीच आली होती आणि एका दमात जिना चढून वर गेली होती. तिच्या पावलांकडे कान देऊन मामाजी म्हणाले, "बाईले लिव्ह, तब्येत सांभाळा म्हना. शंभरी भरल्याबिगर जायचं नाई. आमच्या पोरीचं घर बांधायचं हाय अजून. त्याची भिंत कोन पायन मंग?"

ताई, आम्हा सर्वांच्या वतीने एवढंच मागणं. उदंड जगा, ठणठणीत राहा. पोरीचं घर बांधायचं आहे.